सँपल फ्लॅटमधले जाधव

आमच्या घराला आतून दारं नव्हती. बाहेरचा दरवाजा होता, चांगला सागवानी दिसणारा. पण एकदा आत शिरलं की कुठल्याच खोलीला दार म्हणून नाही. दारं लावली की खोल्या लहान दिसतात, असं शेठचं शास्त्र. त्या घरातल्या पुष्कळ गोष्टी अशा शास्त्राप्रमाणे होत्या. पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला, म्हणजे बेडरूम ऐसपैस वाटते. सोफा इतका बुटका की बसलेल्या माणसाचे गुडघे हनुवटीला भेटायला यायचे. टीव्ही होता, पण लाकडाचा. पुढे काळी काच आणि मागे सुताराने पेन्सिलीने केलेली बेरीज. परडीत मेणाची सफरचंदं होती. त्यातलं एक माझ्या धाकट्या बहिणीने, प्रज्ञाने, पहिल्याच दिवशी चावलं, आणि मग ते कायम भिंतीकडे तोंड करून ठेवावं लागलं. कपाटातली इंग्रजी पुस्तकांची रांग म्हणजे पुस्तकांचे कणे चिकटवलेली एकच फळी होती. स्वयंपाकघरातला नळ इतका चकाकायचा की त्यात तोंड बघून भांग पाडता यावा. तोंड तेवढं दिसायचं. पाणी कधी आलं नाही, कारण त्या नळाला मागे पाइपच नव्हता.

हे घर म्हणजे नेरळजवळ कळंब रस्त्याला बांधत असलेल्या एका कॉम्प्लेक्सचा तळमजल्यावरचा सँपल फ्लॅट. कॉम्प्लेक्सचं नाव इंग्रजी होतं. त्याचा अर्थ डोंगराचं दर्शन. दर्शन व्हायचंही, मागच्या वस्तीतल्या लोकांना, आमची इमारत मध्ये उभी राहीपर्यंत. बाबा तिथे कन्स्ट्रक्शन मॅनेजर होते. आम्ही मूळचे खालापूर तालुक्यातले. आजोबा दुसऱ्यांच्या शेतावर राबले आणि बाबांनी सिव्हिलचा डिप्लोमा केला, त्यामुळे आमच्या बौद्धवाडीत बाबांना ‘इंजिनेर’ म्हणत. आधी ते साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये राहायचे आणि आम्ही गावाला. मग माझी बारावी आली, आणि मुलींना कॉलेजाजवळ ठेवायचं तर खोली कुठे घ्यायची, हा विचार बाबा शेठसमोर मोठ्याने करून बसले. शेठ म्हणाले, “जाधव, अरे सँपल फ्लॅट आठवडाभर रिकामाच असतो. राहा की! फक्त रविवारी सकाळी तुम्ही तिथे कधी नव्हताच, असं दिसलं पाहिजे.” शेठ स्वभावाने उदार होते, जे आपल्याला लागत नाही ते ते मोकळ्या हाताने देत.

सामान घेऊन आलो त्या दिवशी आई दाराशीच थबकली. चपला बाहेर काढून ती सगळ्या खोल्यांतून हिंडली, पलंग हाताने दाबून पाहिला, पुस्तकांच्या फळीवर टिचकी मारली आणि हॉलमधल्या काचेच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिथे संगमरवरासारखी दिसणारी बुद्धाची मूर्ती होती. डेकोरेटरने शोपीस म्हणून ठेवलेली. आईने पदराने तिच्यावरची धूळ पुसली. “सगळं खोटं हाय गं ह्या घरात,” ती मला म्हणाली, “येवढे येकटेच खरे.” संध्याकाळी तिने तिथे मेणबत्ती लावली, मागच्या कुंपणावरची पांढरी फुलं आणून ठेवली आणि आम्हा दोघींना बसवून वंदना म्हणवून घेतली. त्या दिवसापासून ते आमचं घर झालं. सोमवार ते शनिवार.

रोजचं जगणं शेजारच्या अर्धवट फ्लॅटच्या जिवावर चालायचं. तिथे ना रंग ना फरशी, पण मागे पाण्याचा ड्रम आणि सांडपाण्याचा खरा पाइप होता. आंघोळ, धुणी, भांडी तिकडे; अभ्यास आणि झोप इकडे. स्वयंपाक आई बाल्कनीत स्टोव्हवर करायची, कारण ओट्यावरची शेगडी टीव्हीच्याच जातीची होती. सकाळी आधी मागच्या बाजूला मोटरची घरघर सुरू व्हायची, मग कालच्या स्लॅबवर पाणी मारण्याचा सपसप आवाज, मग लोखंड कापणाऱ्यांची ठकठक, आणि या सगळ्याच्या वर आईच्या भाकरीची थाप. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, किंवा वालाचं बिरडं; मावशी शिळफाट्याला राहायची, ती तिथल्या बाजारातून सुके बोंबील पाठवायची. ते भाजले की वास जिन्याने थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा आणि वरून स्लॅबच्या फळ्या ठोकणारा कुणीतरी सेंट्रिंगवाला ओरडायचा, “वैनी, आमचं बी ताट वाढा!” पण शुक्रवारनंतर सुक्या मासळीला बंदी. शनिवारी आई खोल्याखोल्यांत लिंबाची सालं ठेवायची. रविवारी सकाळी आमच्या ट्रंका, अंथरुणं, पुस्तकं, स्टोव्ह, सगळं शेजारच्या फ्लॅटमध्ये आणि आम्ही तिघी एस्टीने मावशीकडे. मागे राहायचे बाबा आणि बुद्ध. दोघंही शेठच्या कामावर.

कन्स्ट्रक्शन मॅनेजर काय करतो, असं माझ्या मैत्रिणी विचारायच्या. त्यांना वाटायचं पिवळी टोपी घालून उभा राहतो. टोपी होती, बाबा तिच्यात केबिनमध्ये आलेली बिलं ठेवायचे. बाकी त्यांचं काम म्हणजे एका माणसाने तोडलेलं दुसऱ्याकडून जोडून घेणं. टाइल्सवाला भिंत पुरी करून जायचा, की दुसऱ्या दिवशी प्लंबर येऊन तीच भिंत फोडायचा, आणि दोघंही न्यायासाठी बाबांसमोर उभे. रेतीचा प्रश्न त्याहून नाजूक. रेती कुठूनही आली तरी ती ग्रामपंचायतीच्या मेंबरच्या मेव्हण्याच्या टेंपोतूनच उतरली पाहिजे, असा त्या पंचक्रोशीचा अलिखित कायदा होता. रेतीत मातीच जास्त असली की बाबा टेंपो परत पाठवायचे, मग मेव्हणा मोटारसायकलवरून यायचा. “साहेब, मानसं वळखून वागत जावा.” बाबा म्हणायचे, “माणसं ओळखतो रे, म्हणून तर रेती चाळून बघतो.” मग तो चहा प्यायचा आणि जायचा. संध्याकाळी बरी रेती यायची. सकाळी बाबा स्लॅबचं लोखंड स्वतः तपासायचे, खाली बसून, सळईमागून सळई. त्यात मात्र कुणाचं काही चालायचं नाही. “तार ढिली आहे, पुन्हा बांध,” एवढंच बोलायचे, पण ते ऐकल्याशिवाय काँक्रीटचा माल पडत नसे.

याशिवाय साइटवर साप निघाला तर बाबा, मजुरांच्या झोपड्यांत बाळंतपण निघालं तर बाबा, आणि वास्तुवाले गुरुजी निघाले तरी बाबाच. हे गुरुजी शेठच्या गाडीतून यायचे, होकायंत्र काढायचे आणि कुठल्यातरी फ्लॅटचा संडास ईशान्येला आहे म्हणून हळहळायचे. एकदा त्यांनी जिनाच उचलून पश्चिमेला न्यायला सांगितला. जिना तीन मजले चढून गेला होता. बाबांनी मान डोलावली, नकाशा टेबलावर पसरला, त्यावरचा उत्तरेचा बाण खोडून थोडा तिरका काढला आणि म्हणाले, “आता बघा, गुरुजी.” गुरुजींनी पाहिलं. जिना पश्चिमेला गेलेला होता. सगळ्यांचं समाधान झालं. हल्ली माझी मुलगी पनवेलकडे घर बघतेय. तिथले लोक संगणकावर इमारत गरागरा फिरवून दाखवतात. मला बाबांचा खोडरबर आठवतो. तो स्वस्त होता आणि वीज गेली तरी चालायचा.

सकाळी आठाला शेठचा फोन. शेठकडे विटेएवढा मोबाइल होता आणि विटेइतकाच तो त्यांना जपून वापरायचा होता, त्यामुळे बोलणं थोडक्यात असायचं. “काय जाधव, प्रगती?” “आहे शेठ.” “पझेशन दसऱ्याला ना?” “कुठल्या?” बाबा विचारायचे, आणि तिकडून फोन बंद व्हायचा. आमचं सगळ्यांचं लक्षही त्या पझेशनकडेच होतं. शेठने बाबांना शब्द दिला होता आणि कागदही केला होता: पहिल्या मजल्यावरचा एकशे दोन नंबर जाधवांचा. पगारातून दर महिन्याला पैसे कापून जायचे. आई कधीकधी दुपारी त्या रिकाम्या एकशे दोनमध्ये जाऊन नुसती उभी राहायची. खिडकीला गज नव्हते, खाली वाळूचे ढीग होते. तिने तेव्हाच ठरवलं होतं की पाटा कुठे राहील.

मग एका गुरुवारी डोंबिवलीचे एक काका-काकू न कळवता घर बघायला आले, आणि आमच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. दार उघडंच होतं. आई बाल्कनीत भाकरी करत होती, प्रज्ञा बुटक्या सोफ्यावर पालथी पडून धडा पाठ करत होती, मी केस विंचरत होते. काकू आत आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. “अहो, बघा ना! माणसं असली की घर कसं घर वाटतं!” आईने त्यांना भाकरी आणि बिरडं वाढलं. तासाभराने त्यांनी साइटवरच्या केबिनमध्ये फ्लॅट बुक केला. संध्याकाळी शेठ स्वतः आले. आम्हाला वाटलं आता बाहेर काढतात. पण शेठचा चेहरा देव भेटल्यासारखा झालेला. “वहिनी,” ते हात जोडून म्हणाले, “तुम्ही रविवारी कुठे जाता? कशाला जाता? आता दर रविवारी तुम्ही इथेच थांबायचं.”

असं आम्ही सँपल कुटुंब झालो. शेठने आईला साडी पाठवली, भिंतींच्या रंगाला जुळणारी. आम्हा मुलींना पंजाबी ड्रेस. कामं वाटून दिली. मी खिडकीशी अभ्यास करायचा. प्रज्ञाने मधून मधून हसायचं, पण दात फार न दाखवता. आईने साजूक तुपात शिरा भाजत राहायचा, खायला नव्हे, वासाला. आणि बाबांनी, ज्यांना रविवारीच काय ती सगळी साइट शांतपणे पाहायला मिळायची, अकरा ते एक सोफ्यावर बसून लाकडाच्या टीव्हीसमोर पेपर वाचायचा. त्यांचे गुडघे पेपराच्या वर यायचे. गिऱ्हाइकं आली की शेठ म्हणायचे, “ही आमची पहिली फॅमिली. इतकं आवडलं की बांधकाम संपायच्या आधीच राहायला आले.” मग आईला विचारायचे, “काय वहिनी, पाणी?” आईने म्हणायचं, “चोवीस तास.” “स्टेशन?” “सात मिन्टं.” ही सात मिनिटं कुणी मोजली ते ठाऊक नाही, बहुधा शेठच्या गाडीने, मोकळ्या रस्त्याला, उतारावरून.

आई पहिल्या रविवारी ही वाक्यं अशी म्हणाली की जणू शाळेत तपासनीस आलेत. बाबांनी मान वर केली नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, “अवो, ही कसली नौकरी वो तुमची? इमारत बांदाया ठेवलंय का नाटकात?” बाबा म्हणाले, “एकशे दोन ताब्यात येईपर्यंत गं. मग कुठला रविवार नि कुठलं काय.” दोन-तीन रविवारांनी शेठने आणखी एक बारीकशी सूचना केली. बाबांना बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात, जसं कुणी आपल्याला बटण उघडं राहिल्याचं सांगतं. “जाधव, ती मूर्ती असू दे. छान दिसते, लोकांना आवडते. पण ती मेणबत्ती, फुलं वगैरे... रविवारपुरती नको. गिऱ्हाइकांना उगाच प्रश्न पडतात.” बाबांनी हे आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तिने शिऱ्याची कढई घासायला घेतली आणि बराच वेळ घासली.

त्यानंतरच्या रविवारी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. मुंबईच्या एका कचेरीतले वीसेक कर्मचारी मिळून जवळजवळ अख्खी विंग घेणार होते. त्यांचे पुढारी होते एक साहेब. गोरे, नेटके, खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना नाना म्हणत होते, म्हणून आम्हीही नानाच म्हणू. शेठने त्या दिवशी अंगणात पाणी मारून घेतलं होतं, म्हणजे टँकरचं. शिरा सकाळपासून भाजत होता. सगळी मंडळी एकदम आत आली आणि त्या ऐसपैस हॉलमध्ये माणसांना उभं राहायला जागा उरेना.

नानांच्या पत्नी टेबलाशी थांबल्या, मूर्तीवर बोट टेकवलं. “अय्या, काय सुरेख शोपीस! कुठून घेतलंत हो?” आणि मग त्यांना मूर्तीपुढची फुलं दिसली, ताजी, पांढरी, आणि जळून गेलेल्या मेणबत्तीचं मेण. आईने सकाळी नेहमीसारखी वंदना केली होती. शेठ लगबगीने पुढे झाले, पण आईने तोवर पदराला हात पुसले होते. “शोपीस नाय वो बाई. भगवान बुद्ध हायेत. आमी रोज सकाळ-संध्याकाळ वंदना करतो.”

“हो का,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मूर्तीवरचं बोट काढून घेतलं. हॉलमध्ये एकाएकी सगळ्यांना छताचा रंग पाहावासा वाटू लागला. नाना सोफ्याशी आले. “तुमचं आडनाव काय म्हणालात?”

“जाधव.” बाबांनी पेपर खाली ठेवला.

“हां, हां. पण कुठले जाधव?”

“खालापूरचे.”

“नाही, तसं नव्हे हो,” नाना हसून म्हणाले, “म्हणजे आपलं सहज.”

बाबा उठून उभे राहिले. सोफ्यातून उठायला थोडा वेळ लागायचाच. “जे तुमच्या मनात आलेत ना,” ते शांतपणे म्हणाले, “तेच जाधव.”

शिरा करपायला लागला होता, त्याचा वास आला. तेव्हा शेठ मध्ये पडले. त्यांना वाटलं, आपण वेळ सावरून घेतोय. “अहो नाना, तसं काही नाही. हे आमचे स्टाफ आहेत. मॅनेजर. पझेशनच्या आधी जाणार हे लोक. इथे राहणार नाहीत.”

आत्ताच पाच मिनिटांपूर्वी आम्ही पहिली फॅमिली होतो. मी आईकडे पाहिलं. ती बाल्कनीच्या चौकटीत उलथनं घेऊन उभी होती. “जानार?” ती म्हणाली. “आमी कुठं जानार शेठ? येकशे दोन कोनाचा हाय मग?”

“वहिनी, ते नंतर बोलू.”

“नंतर का? हे समदे हायेत की आता. शेजारीच हायेत आमचे.”

कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून नानांच्या पत्नी स्वयंपाकघरात हात धुवायला गेल्या. नळ फिरवल्याचा किर्र आवाज आला. पुन्हा आला. “अहो, पाणी नाही इथे!”

“मोटर बंद असेल,” शेठ म्हणाले. “चालू करा रे कुणी!”

“मोटरीला काय करायचं?” आई म्हणाली. “पाइपच नाय त्या नळाला. टँकर आला की पानी, न्हाय तर न्हाय. मी हितं दर रविवारी चोवीस तास म्हनते. माजी जीभ झडंना कशी, त्येच नवल.”

शेठचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला होता. ते बाबांकडे वळले. “जाधव, तुम्ही सांगा यांना. टेक्निकल माणूस आहात. सांगा, पाणी चोवीस तास आहे की नाही?”

बाबांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं रुमाल काढतायत. त्यांनी मोजपट्टी काढली, ती स्टीलची, जी ते झोपतानाही उशाला ठेवत. “शेठ, मला बोलायला जमत नाही,” ते म्हणाले. “मी मापं सांगतो. सुजाता, टोक धर गं.” मी धरलं. आम्ही बापलेक बेडरूममध्ये गेलो आणि सगळी विंग आमच्यामागे आली. बाबांनी पलंग मोजला आणि लांबी मोठ्याने सांगितली. सोफ्याची उंची सांगितली. दारं कुठे येणार आणि ती उघडली की किती जागा खाणार, तेही जमिनीवर खडूने आखून दाखवलं. कुठे आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. रोज सेंट्रिंगवाल्याला सांगतात तसंच. त्या मंडळींतला एक उंच गृहस्थ खात्री करायला पलंगावर आडवा झाला आणि त्याच्या पोटऱ्या बाहेर लोंबल्या. आधी एक जण हसला, मग सगळे. लाकडाचा टीव्हीही कुणीतरी उलटा करून पाहिला. शेवटी बाबा म्हणाले, “पाण्याची लाइन अजून मंजूर नाही. त्यासाठी शेठना खटपट करावी लागेल. इमारत मात्र पक्की आहे. तिचा एकेक स्लॅब मी उभा राहून भरलाय. मी स्वतः इथे राहणार आहे, माझ्या मुलींना घेऊन. यापेक्षा जास्त मला काही सांगता येणार नाही.”

मंडळी निघून गेली. शेठ शेवटी निघाले. दारातून एवढंच म्हणाले, “जाधव, उद्यापासून कामावर येऊ नका.” आता कामावर न यायचं म्हणजे कुठे जायचं, कारण घरही कामावरच होतं. सोमवारी बाबा सकाळी उठले, दाढी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने त्या सोफ्यावर बसून पेपर उघडला. त्या दिवशी चौथ्या मजल्याचा स्लॅब होता. मिक्सर येऊन उभा, खडीचे ढीग तयार, वाडीवरून आलेल्या ठाकर बाया घमेली घेऊन रांगेत बसलेल्या. थोड्या वेळाने कॉन्ट्रॅक्टर आला. “साहेब, लोखंड बघून घ्या, माल टाकायचाय.” बाबा म्हणाले, “मला काढलंय.” “हां, ते कळलं. पण लोखंड बघा ना.” बाबांनी पान उलटलं. मग प्लंबर आला, मग टाइल्सवाला, आणि शेवटी चक्क मेंबरचा मेव्हणा. “साहेब, आता माजी रेती कोन चाळनार? दुसरा मानूस आला तर त्याची सवय करायला मला वर्ष जाईल!” ठाकर बायांतली म्हातारी रखमा दाराशी येऊन बसली आणि तंबाखू मळत म्हणाली, “हे नाय बघत तवर आमी नाय चढत वर. मागं दुसऱ्या साइटीवर पडलाय स्लॅब. आमच्यातल्याच होत्या खाली.” दुपार झाली तरी मिक्सर तसाच उभा. आई बाल्कनीत बोंबील भाजत होती. एरवी ती मोजके बोंबील काढून आठवडाभर पुरवायची. त्या दिवशी तिने बोंबलांची अख्खी परडीच काढली. “वरच्यांना बी बोलवा,” ती म्हणाली. “काम नाय तर जेवू तरी द्या.”

शेठ तिसऱ्या दिवशी आले, हातात पेढे. नानांचा फोन आला होता. त्या वीस जणांनी आपसात बसून ठरवलं होतं की विंग घ्यायची. पाण्याचं लेखी पाहिजे, आणि पझेशन होईपर्यंत साइटवर मॅनेजर जाधवच पाहिजे. नाना फोनवर काय म्हणाले ते शेठने जसंच्या तसं सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. “नाना म्हणाले, शेजारपाजाराचं आम्ही बघून घेऊ हो, पण बांधकाम त्याच माणसाच्या हातचं हवं.” आईने पेढ्यांचा खोका घेतला, उघडला आणि तसाच रखमाच्या हातात दिला. बाबांनी टोपी घेतली आणि थांबलेल्या स्लॅबचं लोखंड बघायला निघाले. जाता जाता शेठने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “जाधव, धंद्याची एक गोष्ट तुमच्याकडून शिकलो बघा. खरं बोललं की लोक घेतात. सेल्सवाल्यांना सांगतो, आता थोडं थोडं खरं बोलत जा. बुकिंगनंतर.”

रविवारचं नाटक तिथेच बंद झालं. आईने शेठची साडी धुऊन, घडी घालून परत पाठवली, आणि आम्ही नेरळ गावात एका खोलीत राहायला गेलो. पाण्याच्या लाइनीसाठी बाबा किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त त्यांच्या चपला बदललेल्या आम्हाला दिसायच्या. दसरा आला आणि गेला, दुसराही. पण पाणी आलं. एकशे दोनच्या चावीसाठी शेठने पुष्कळ आढेवेढे घेतले. वरच्या मजल्यावर देतो म्हणाले, मागच्या विंगेत देतो म्हणाले. बाबा दर वेळी तो कागद समोर ठेवायचे आणि चहा मागवायचे. शेवटी शेठ चहाला कंटाळले.

आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. मी उघडलं. बाहेर नाना. लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात रिकामी बादली. त्या वेषात खिसाच नसल्यामुळे पेनंही नव्हती. ते दोनशे दोनमध्ये, अगदी आमच्या डोक्यावर राहायला आले होते. “जाधवसाहेब आहेत का?” त्यांनी विचारलं. “आमच्याकडे सकाळपासून थेंब नाही हो. बघता का जरा?” बाबा अर्धी दाढी झालेले तसेच बाहेर आले, पान्हा घेतला आणि गच्चीवर चढले. नानांना त्यांच्यामागे जावं की खाली थांबावं ते कळेना. बादली घेऊन ते उंबऱ्याशी घुटमळले. आई म्हणाली, “या ना भाऊ, बसा की. हवा अडकली आसंल पाइपात, काडतील ते.” नाना आत आले, खुर्चीच्या कडेला टेकले. मी चहा पुढे केला. त्यांनी कपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि वरून पाइपातून खळखळ आवाज आला तसा कप उचलून तोंडाला लावला.

“साखर बरोबर हाय ना?” आईने विचारलं.

“उत्तम आहे,” नाना म्हणाले. मग जरा थांबून, “उद्याही येईल ना हो पाणी?”

आईने माझ्याकडे बघितलं. “सुजाता,” ती म्हणाली, “उद्यापासनं दूध जरा जास्तीचं घेत जा गं.”